टूसॉर्टेड वापरायचं का? तक्ता बघायचा, की ब्राउझरलाच विचारायचं?

अर्धविराम (धागाकर्ता)

जावास्क्रिप्टमधली टूसॉर्टेड ही मेथड मूळ ॲरे (यादी) तशीच ठेवून क्रम लावलेली नवी प्रत देते, पण जुन्या ब्राउझरांत ती नाही. मत आधीच सांगून टाकतो, मग हाणा. 'टूसॉर्टेड असेल तर ते, नसेल तर स्लाइस करून (प्रत काढून) सॉर्ट' असा दुहेरी कोड लिहिणं बंद करा. नसेल तेव्हा स्लाइस-सॉर्टने भागतंय ना? मग सगळीकडे तेच लिहा. दोन वाटा ठेवल्या की दोन्ही तपासाव्या लागतात. त्यातली जुनी वाट टीममधल्या कुणाच्याच मशीनवर चालत नाही, त्यामुळे ती मोडली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

त्यापेक्षा प्रोजेक्ट सुरू करताना ब्राउझरांच्या किमान आवृत्त्या ठरवा आणि कोणती मेथड कोणत्या आवृत्तीत आली याचा तक्ता बघून मोकळे व्हा. ॲट (क्रमांकाने घटक देणारी, उणे आकडा शेवटून): क्रोम ९२, फायरफॉक्स ९०, सफारी १५.४. फाइंडलास्ट (शेवटून शोधणारी): क्रोम ९७, फायरफॉक्स १०४, सफारी १५.४. टूसॉर्टेड, टूरिव्हर्स्ड, टूस्प्लाइस्ड आणि विथ ही मूळ ॲरे न बदलणारी चौकडी: क्रोम ११०, सफारी १६, फायरफॉक्स ११५. ऑब्जेक्ट.ग्रुपबाय (घटकांचे गट पाडणारी): क्रोम ११७, फायरफॉक्स ११९, सफारी १७.४.

एवढे आकडे लक्षात ठेवायचा कंटाळा असेल तर बेसलाइनचा, म्हणजे सुविधा ब्राउझरांत किती पसरली ते सांगणारा, शिक्का बघा. सगळ्या मुख्य ब्राउझरांत मेथड आली की 'नव्याने उपलब्ध', त्यानंतर ३० महिन्यांनी 'सर्वत्र उपलब्ध'. टूसॉर्टेडचं वर्तुळ जुलै २०२३ मध्ये फायरफॉक्स ११५ ने पूर्ण केलं, म्हणजे दुसरा शिक्का जानेवारी २०२६ चा. कुठल्याही मेथडचा दुसरा शिक्का मिळेपर्यंत थांबा, नंतर बिनधास्त वापरा.

जुनी_खिडकी

साफ असहमत. ३० महिने हा कॅलेंडरचा हिशोब झाला. लोकांच्या हातातली यंत्रं कॅलेंडर बघून बदलत नाहीत.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ ला कायमचा थांबला, आणि टूसॉर्टेड आलं ११० मध्ये! एका आवृत्तीने हुकलं. त्याच मशीनवर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) चालते आणि तिच्यात टूसॉर्टेड आहे. यंत्र तेच, माणूस तोच, पण कोणत्या आयकॉनवर क्लिक केलं त्यावर पान चालणार की नाही ते ठरतं.

आयफोन ६एस आणि ७ हे आयओएस १५ च्या पुढे जात नाहीत. तिथे ॲट आणि फाइंडलास्ट मिळतं, टूसॉर्टेड मिळत नाही. 'मग क्रोम टाका' म्हणू नका, त्या फोनवरच्या क्रोमच्या पोटातही वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन, आहे. त्याचा आवृत्तीचा आकडा ११० च्या वर असू शकतो, तुमचा तक्ता 'हो' म्हणेल, आणि कन्सोलवर येईल 'टूसॉर्टेड इज नॉट अ फंक्शन'. अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ ला अडकलाय, म्हणजे तिथेही तेच.

म्हणून ब्राउझरलाच विचारा: टाइपऑफ ॲरे.प्रोटोटाइप.टूसॉर्टेड 'फंक्शन' येतं का? (प्रोटोटाइप म्हणजे सगळ्या ॲरेंच्या सामाईक मेथडची जागा.) हे उत्तर कधी शिळं होत नाही.

अर्धविराम

युजर एजंट (ब्राउझर स्वतःचं नाव-आवृत्ती सांगतो ती ओळ) वाचून ठरवा असं मी कुठे म्हटलं? तुमची तिन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. विंडोज ७ वरचा क्रोम सांभाळायचाय ना? मग किमान आवृत्ती १०९ लिहा, टूसॉर्टेड आपोआप बाद. प्रश्न संपला.

लिंटवाला

संपला कुठे? 'किमान आवृत्ती १०९' लिहिली कुठे आणि ती पाळतंय कोण? बहुतेक प्रोजेक्टांत ती फक्त रीडमीत असते.

टाइपस्क्रिप्टचं बघा, म्हणजे जावास्क्रिप्टवर प्रकारांची तपासणी चढवणाऱ्या भाषेचं. टार्गेट (बाहेर पडणारा कोड कोणत्या वर्षाच्या भाषेत हवा ते) ईएस२०१७, म्हणजे जावास्क्रिप्टची २०१७ ची आवृत्ती, असेल आणि लिब हे सेटिंग दिलेलं नसेल, तर टूसॉर्टेडवर एरर येते. चांगली गोष्ट आहे. पण त्याच एररमध्ये सल्ला असतो की लिब बदलून ईएस२०२३ करून बघा. माणूस तेवढं करतो, लाल रेघ जाते, आणि बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये एक अक्षरही बदलत नाही. लिब म्हणजे 'ही मेथड तिथे असेल असं समज' एवढंच, ती आणून देण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. तेव्हा लिब ईएस२०२२ वर ठेवा आणि हा बदल रिव्ह्यूत अडवा.

ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) याच्या कॉम्पॅट प्लगइनवरही विसंबू नका. ॲरे.फ्रॉमएसिंक किंवा फेच त्याला कळतं, कारण नाव समोर दिसतं. 'यादी.ॲट(-१)' मधली यादी ॲरे आहे, स्ट्रिंग आहे की तुमचाच एखादा क्लास, हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून ते गप्प बसतं.

नवा कोड जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणाऱ्या बेबेलचे सापळे वेगळे. एकतर बेबेल वाक्यरचना बदलतं, मेथड पुरवत नाही; त्या कोअर-जेएस ही लायब्ररी पुरवते. बेबेलच्या प्रीसेट-एन्व्ह या तयार सेटिंगमध्ये यूजबिल्टइन्स 'यूसेज' केलं आणि कोअरजेएसपुढे नुसतं '३' लिहिलं, तर त्याचा अर्थ ३.० असा घेतला जातो. ३.० नंतर भर पडलेल्या मेथड त्यात येतच नाहीत आणि इशाराही मिळत नाही. तिथे बसवलेली आवृत्ती पूर्ण लिहा, उदाहरणार्थ '३.३०'. दुसरं, बहुतेक कॉन्फिगमध्ये बेबेल नोड_मॉड्यूल्सला (बाहेरच्या लायब्ररींच्या फोल्डरला) हात लावत नाही. तुम्ही स्वतः टूसॉर्टेड एकदाही लिहिलं नसेल, पण एखाद्या चार्ट लायब्ररीने लिहिलं की पान पडलं. धागाकर्त्याचा तक्ता फक्त स्वतःच्या कोडला लागू होतो, ही खरी गोम आहे.

जुनी_खिडकी

लिंटवाला यांना +१, आणि यावर उपाय पुन्हा ब्राउझरला विचारणं हाच. मात्र ठिकठिकाणी नाही, दारात एकदाच. मुख्य बंडलच्या (सगळा कोड एकत्र बांधलेल्या फाइलच्या) आधी एक छोटी वेगळी फाइल ठेवा. तिच्यात [].टूसॉर्टेड आणि ऑब्जेक्ट.ग्रुपबाय आहेत का ते बघा, नसतील तरच पॉलिफिलची (नसलेली मेथड भरून देणाऱ्या कोडची) फाइल मागवा, ती पूर्ण चालल्यावरच मुख्य बंडल सोडा. लायब्ररीलाही तीच मेथड मिळते, नव्या ब्राउझरवाल्यांना जादा बाइट पडत नाहीत.

फाइल वेगळी का? मुख्य बंडलमध्ये जुन्या इंजिनाला न कळणारं एक जरी चिन्ह असलं तर अख्खी फाइल पार्स होताना पडते, त्यातली तपासणी चालतच नाही. म्हणून या छोट्या फाइलची भाषा मुद्दाम जुनाट ठेवायची, ॲरो फंक्शनसुद्धा नको.

पॉलिफिल स्वतःच्याच सर्व्हरवरून द्या. पॉलिफिल.आयओ हे डोमेन दुसऱ्याच्या हातात गेल्यावर जून २०२४ मध्ये तिथून घातक कोड वाटला गेला होता. आणि घरी लिहिणार असाल तर प्रोटोटाइपला थेट '=' लावू नका. तसं केलं की मेथड एन्युमरेबल (लूपमध्ये मोजली जाणारी) होते आणि जुन्या कोडमधल्या प्रत्येक फॉर-इन लूपमध्ये घटकांबरोबर 'टूसॉर्टेड' हे नावही फिरायला लागतं. ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी वापरा.

स्थिर_क्रम

मेथड आहे म्हणजे ती बरोबर चालते, असं दोन्ही बाजू धरून चालल्यात. टाइपऑफ [].सॉर्ट विचारा, कुठल्याही ब्राउझरमध्ये 'फंक्शन'च येईल. पण क्रोम ७० च्या आधी दहाहून जास्त घटकांची ॲरे दिली की समान किमतींचा मूळ क्रम टिकेलच असं नव्हतं. स्थिर सॉर्टची सक्ती ईएस२०१९ पासूनची. चाचणीत पाच नोंदी घेतल्या की सगळं हिरवं. किमान काही शे घटक घ्या, किल्ल्या मुद्दाम पुन्हा पुन्हा येऊ द्या, मग फरक दिसतो. सफारी १२.० मधला रिव्हर्सचा बगही याच जातीचा: मेथड हजर, उत्तर चुकीचं.

नावाबद्दलही सावध राहा. [].ग्रुप शोधत बसू नका. ते नाव ठरत आलं होतं, पण जुन्या साइट्स मोडायला लागल्या म्हणून काम ऑब्जेक्ट.ग्रुपबायकडे गेलं. फ्लॅट या मेथडलाही आधी फ्लॅटन म्हणायचं होतं, २०१८ मध्ये मूटूल्स या जुन्या लायब्ररीशी टक्कर झाली. लोकांनी प्रोटोटाइपवर आपापल्या मेथड चिकटवल्या त्याची ही फळं, आणि पॉलिफिलवाल्यांनी ती चाखून बघावीत.

अर्धविराम

पॉलिफिल प्रमाणाबरहुकूम असेल तर टक्कर होत नाही, तो मुद्दा ताणलेला वाटतो. बाकी, मी अजून स्लाइस-सॉर्टवरच ठाम आहे. फाइल नको, दार नको, पहारेकरी नको.

स्थिर_क्रम

मग निदान स्लाइस तरी सोडा. [३, , १] अशी मधे भोक असलेली ॲरे घ्या. स्लाइस करून सॉर्ट केलंत तर भोक शेवटी जातं पण भोकच राहतं, आणि फॉरईच (प्रत्येक घटकावर फिरणारी मेथड) त्याला ओलांडून जातो. टूसॉर्टेड तिथे अनडिफाइन्ड ठेवतो, फॉरईच तिथे थांबतो. म्हणजे दोन्ही एकच नाहीत. तीन टिंबांनी पसरून नवी ॲरे केली आणि मग सॉर्ट लावला, तर निकाल टूसॉर्टेडसारखाच येतो. तुमच्या बाजूने लिहायचं असेल तर असं लिहा.

लिंटवाला

वाद चालू द्या, पण त्याआधी एक काम करा. बिल्ड झाल्यावर डिस्ट या तयार फाइलींच्या फोल्डरमध्ये '.टूसॉर्टेड(', '.टूस्प्लाइस्ड(', '.फाइंडलास्ट(' आणि 'ऑब्जेक्ट.ग्रुपबाय' शोधा. मिनिफायर (कोड आकसवणारं साधन) व्हेरिएबलची नावं चुरगाळतो, पण बिल्ट-इन मेथडची नावं नेहमीच्या सेटिंगमध्ये जशीच्या तशी ठेवतो, त्यामुळे लायब्ररीतून आलेलंही सापडतं. 'विथ' आणि 'ॲट' शोधायच्या भानगडीत पडू नका, स्ट्रिंगचं ॲट आणि लोकांच्या स्वतःच्या क्लासांमधल्या मेथड यांचाच ढीग येईल. बाकीच्यांपैकी काही सापडलं आणि क्रोम १०९ तुमच्या यादीत असेल, तर त्या फाइल क्रोम १०९ मध्ये उघडून बघा. ग्रुपबाय निघालं तर फायरफॉक्स ११५ मध्येही बघा, तिथे टूसॉर्टेड आहे पण ग्रुपबाय नाही.