कोल्हापुरात घरी इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी का? पैसे वसूल होतात का?

हिशेबवही
वळीव पडला की बॅटरीच्या दुकानात गर्दी होते. माझं मत: शहरातल्या बहुतेक घरांना ही खरेदी परवडत नाही. १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) उंच ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची शिसं-ॲसिड बॅटरी आणि ९०० व्हीएचा (एका वेळी किती लोड पेलतो त्याचं माप) साइन वेव्ह इन्व्हर्टर मिळून साधारण २५ हजार धरा, आयुष्य ५ वर्षं. लाईट असतानाही इन्व्हर्टर १५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे वर्षाला १३० युनिट. १० रुपयांनी ५ वर्षांचे साडेसहा हजार. एकूण साडेएकतीस हजार. महिन्याला ४ तास लाईट जात असेल तर ५ वर्षांत २४० तास होतात. तासाला १३० रुपये, आणि त्यात चालणार दोन पंखे, चार दिवे.

त्यापेक्षा राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (छोटा बॅटरीचा डबा) दीड-दोन हजारात, तीन चार्जिंगचे बल्ब हजारभरात आणि एक चार्जिंगचा पंखा घ्या. सगळं पाच-सहा हजारांत बसतं. मिनी यूपीएस घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. बिल्डिंगमधला केबलवाल्याचा स्विच लाईट गेल्यावर बंद पडत असेल, तर तुमचा राऊटर चालू असून नेट येणार नाही. तेही आधी विचारा.

फुलेवाडी वायरमन
तासाचा भाव काढून हा निर्णय होत नाही, साहेब. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (रुग्णासाठी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) असेल तर तासाला १,३०० पडले तरी माणूस बॅटरी घेणारच. मिनिटाला ५ लिटरचं मशीन ३५० वॅटच्या आसपास घेतं, त्यामुळे एका बॅटरीवर अडीच तासांच्या पुढे भरवसा ठेवू नये. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा सेट लागतो आणि शेजारी भरलेला सिलिंडरही लागतो. पोराची ऑनलाइन परीक्षा असेल, आठवड्यातले पाच दिवस घरून काम असेल, तिथेही सरासरी काढून उपयोग नाही. नेमकी कधी जाते, त्यावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या हिशेबातली दुसरी चूक अशी की लोड कमी करायचा विचारच नाही. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. ८० टक्केच काढायचे, इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात, हाती राहतात १,२०० च्या आसपास. एएचचा आकडा २० तासांत हळू काढलं तर मिळणारा असतो. जोरात ओढलं की आणखी कमी. आता दोन जुने पंखे १५० वॅट, चार एलईडी ३६, राऊटर १२, टीव्ही ८०. झाले पावणेतीनशेच्या पुढे. बॅटरी पावणेचार-चार तास चालेल. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावले की ६० वॅटमध्ये दोन्ही फिरतात आणि तीच बॅटरी साडेपाच तासांवर जाते. दुकानदार २०० एएच गळ्यात मारतो, त्याआधी पंखे बदला. बिलही कमी येतं.

हिशेबवही
पंख्याचं मान्य, आणि आजारपणाचंही. पण तुमच्याकडे येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांत कॉन्सन्ट्रेटरवाले किती? बाकीच्यांना फ्रिज आणि पाण्याची मोटर चालवायची असते. बंद ठेवलेला फ्रिज ४ तास गार राहतो, इन्सुलिनसुद्धा. दार उघडझाप करू नका, इतकंच. मोटर तर ९०० व्हीएवर चालायचीच नाही. १ एचपीची मोटर हजार-अकराशे वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या चौपट-पाचपट ओढते. वरची टाकी भरलेली ठेवणं हाच तिथला बॅकअप. लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं यंत्र वेगळ्या बॅटरीवर असतं; त्याची बॅटरी जिवंत आहे का ते सोसायटीने बघावं. घराच्या इन्व्हर्टरचा तिथे संबंध नाही.

रंकाळ्याचा वारा
दोघेही शिसं-ॲसिडवरच अडकलात. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरचा ताप मिटवा. १०० एएच, १२.८ व्होल्ट म्हणजे १,२८० वॅट-तास, आणि त्यातले ९० टक्के खरंच वापरता येतात. म्हणजे जवळपास १५० एएच ट्यूब्युलरइतकं काम. चार्ज व्हायला ट्यूब्युलरला १०-१२ तास, लिथियमला मोठा चार्जर असेल तर तीन. जूनमध्ये दिवसभर लाईट ये-जा करते तेव्हा ट्यूब्युलर कधी पुरती भरतच नाही, आणि अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट चढून ती मरते.

फुलेवाडी वायरमन
भावा, किंमत दीडपट ते दुप्पट आहे, ती सांगायची राहिली. दोन हजारांवर सायकल (पूर्ण भरून रिकामी करण्याच्या फेऱ्या) मिळतात म्हणतात, पण आपल्याकडे वर्षाला पन्नास सायकलही होत नाहीत. न वापरलेल्या सायकलींचे पैसे कशाला? रोज सहा-सहा तास लाईट जाते तिथे लिथियम मी स्वतः सुचवतो.

आणि जुन्या इन्व्हर्टरला नुसती लिथियम बॅटरी जोडायची नाही. त्याचं चार्जिंग ट्यूब्युलरसाठी ठरवलेलं असतं. व्होल्टेज जास्त गेलं की बॅटरीतलं संरक्षण सर्किट जोडणी तोडतं आणि इन्व्हर्टर 'बॅटरी नाही' म्हणून ओरडत बसतो. शिवाय लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहतं, त्यामुळे जुन्या इन्व्हर्टरचे दिवे भरलेली दाखवतात आणि एकदम अंधार होतो. सेटिंगमध्ये लिथियम असा पर्याय असेल तरच जोडा.

ताराबाई पार्क १
किमतीच्या भांडणात जोडणी राहून जाते. बॅटरी खराब म्हणून परत केल्या जातात त्यांतल्या कितीतरी वायरमुळे बदनाम होतात. ६०० वॅटला १२ व्होल्टवर ६० अँपिअर वाहतात. बॅटरी ३ मीटर लांब बाल्कनीत ठेवून १० स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर जाऊन-येऊन ६ मीटरमध्ये ०.६५ व्होल्ट जातो. इन्व्हर्टर १०.५ ला बंद होणार असेल तर बॅटरी तेव्हा ११.१५ वरच असते. शिल्लक वीज आतच राहते. २५ स्क्वेअर एमएम टाका, नाहीतर बॅटरी जवळ आणा.

दुसरं, इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा ओढा. दोन सर्किटांचे न्यूट्रल एका ठिकाणी पिळले की आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) पडत राहतो. मग कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो, आणि ते सगळ्यात घातक.

ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. देव्हाऱ्याखालच्या कपाटात बॅटरी आणि वर समई, ही मांडणी जुन्या घरांत सर्रास असते. कृपा करून हलवा. पाणी दर दोन-तीन महिन्यांनी बघा, डिस्टिल्डच घाला. आरओचं चालत नाही, आणि ॲसिड तर वरून कधीच घालायचं नाही. वॉरंटी ३६+२४ लिहिलेली असली तर बदलून फक्त पहिल्या ३६ महिन्यांत मिळते; पुढच्या २४ मध्ये नव्या बॅटरीवर सूट मिळते, बस्स.

पाच किलोवॅट
छतावर सोलर बसवा, बॅटरीची गरजच नाही. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे.

ताराबाई पार्क १
सोलर बसवा, पण लाईट गेल्यावर तो चालेल या आशेने नको. नेट मीटरवरचा (जादा वीज कंपनीच्या लाइनला देणारा) साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिड, म्हणजे बाहेरची लाईट गेली की स्वतः बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छताचा शॉक बसू नये म्हणून तसं बंधन आहे. भर उन्हातही घर अंधारात. लाईट गेल्यावर हवी असेल तर हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं काही नाही.

दुधाळी काठ
पुराचं कोणीच बोललं नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी गल्लीत शिरलं की सुरक्षेसाठी ट्रान्सफॉर्मर बंद करतात, आणि ते तासांचं नाही, दिवसांचं असतं. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा तेच झालं. महिन्याला ४ तासांची सरासरी इथे काय कामाची? सुतारवाडा, कुंभार गल्ली, दुधाळी या पट्ट्यात मोबाईल आणि एक दिवा चार-पाच दिवस चालवणं ही खरी गरज आहे.

हिशेबवही
मग ती गरज १५० एएचची नाहीच, ताई. दिवा आणि दोन मोबाईल मिळून दिवसाला १०० वॅट-तासही लागत नाहीत. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यात त्यापेक्षा जास्त खाईल. ३००-५०० वॅट-तासांचा उचलून नेता येणारा पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात) घ्या. स्थलांतर झालं तर सोबत नेता येतो. ५५ किलोची ट्यूब्युलर कोण उचलणार?

दुधाळी काठ
हे पटलं. पण ज्यांच्या तळमजल्यावर आधीच ट्यूब्युलर आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहिते. बाहेरची लाईट बंद झाली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि भिंतीतल्या सॉकेटांना २३० व्होल्ट देत राहतो. मेन स्विच पाडला म्हणून घर सुरक्षित झालं असं समजू नका. पाणी उंबऱ्याशी यायच्या आत आधी इन्व्हर्टरचं बटण बंद करा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, नंतर पॉझिटिव्ह, आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळा. पाणी आत आल्यावर हे करायला जाऊ नका. ओसरल्यावर बुडालेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. झाकणातून गढूळ पाणी शिरलेलं असतं, ती भंगारातच द्यायची.

फुलेवाडी वायरमन
यात एक भर. नवीन बसवताना तळमजल्यावर भिंतीत अँगल ठोकून चार फुटांवर रॅक करा. अँगल ५० मिमीचा, अँकर बोल्ट १० मिमीचे, विटांच्या सांध्यात नको, बीममध्ये किंवा कॉलममध्ये. भरलेल्या बॅटरीचं वजन पेलायचं आहे. इन्व्हर्टर शेजारीच, त्याच उंचीवर, म्हणजे वायरही आखूड राहते.