प्रॉपर लावल्यावर एकदा पत्ते पण बघा

एक्सेलमधे नावं सगळी कॅपिटलमधे असतील तर सरळ प्रॉपर फॉर्म्युला (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल करणारा) लावा, काम झालं, असं सांगतात. नावांपुरतं अगदी बरोबर, डिसूझामधल्या डी नंतरच्या अपॉस्ट्रॉफीनंतरचा एस पण तो नीट कॅपिटल करतो. पण पत्त्यांच्या कॉलमला लावाल तर घोळ होतो, कारण अक्षर सोडून काहीही आलं, अगदी आकडा जरी आला, की पुढचं अक्षर तो कॅपिटल करतो. आमच्या सोसायटीच्या मेंबर लिस्टमधे सेकंड फ्लोअर आकड्यात लिहिलेलं, तर २ च्या पुढचा एन कॅपिटल होऊन बसला, आणि एमआयडीसीचा फक्त एम कॅपिटल राहिला! मी मग प्रॉपरच्या बाहेरून सबस्टिट्यूट (एका मजकुराच्या जागी दुसरा टाकणारा फॉर्म्युला) गुंडाळला, तो कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतो म्हणून चुकीचं तेवढंच बदलतं. आणि शेवटी पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज करूनच (म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसता मजकूर उरतो) मूळ कॉलम उडवा, आधी उडवलात तर सगळीकडे रेफची एरर (फॉर्म्युल्याला मूळ सेल सापडत नाही म्हणून) येते.