मुलांना १९९४ चा 'लायन किंग' दाखवायचाय, पालकांना २०१९ चाच हवाय. काय करू?

रेघोट्या (ऐरोली)

घरीच चित्रकलेचा क्लास घेते. सध्या नऊ मुलं आहेत, सात ते बारा वर्षांची. प्राण्यांचे चेहरे शिकवायला घेतलेत, म्हणून म्हटलं एका रविवारी हॉलमध्ये सगळ्यांना बसवून 'द लायन किंग' दाखवू, १९९४ चा. ग्रुपवर मेसेज टाकला, तर तिघा पालकांचं एकच उत्तर: "मॅडम, ते जुनं कार्टून कशाला? नवा दाखवा ना, त्यातले सिंह अगदी खरे वाटतात."

खरे वाटतात, हेच तर माझं दुखणं आहे!

मी दहावीत असताना नौपाड्यातल्या एका लायब्ररीतून याची कॅसेट भाड्याने आणली होती. पॉज केलं की टीव्हीवर आडव्या रेघा थरथरायच्या. त्या रेघांमधून स्कारची, म्हणजे त्यातल्या कपटी काका-सिंहाची, भुवई वहीत उतरवत बसायचे. एक तिरका फटकारा, बस. जरा खाली ओढला की कपटी, जरा वर उचलला की गोडबोल्या. सिंहराजा मुफासा मरून पडल्यावर त्याचा छावा सिंबा बापाचा कान ओढून त्याला उठवायला बघतो, मग त्याच्याच पंजाखाली शिरून पडतो. तिथे आईने पदर डोळ्यांना लावला होता. आईला इंग्रजीचं एक वाक्य कळत नव्हतं.

२०१९ चा भाचीला घेऊन थेटरात पाहिला. मेहनत अफाट आहे, आयाळीचा केस न् केस हलतो. पण बाप मेला तरी पोराचा चेहरा माहितीपटातल्या छाव्यासारखा, तसाच. ज्या प्रेमगीताच्या मुखड्यातच 'टुनाइट' आहे, ते लख्ख उन्हात. स्कारचं गाणं छाटलं, त्यातही अर्धं नुसतं बोलून टाकलं. जुना ८८ मिनिटांचा, नवा ११८ मिनिटांचा. तो अर्धा तास कशात गेला ते मला अजून कळलेलं नाही.

डिस्नी आपलीच जुनी कार्टून पुन्हा काढत सुटलंय: 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'अलादीन', आता 'स्नो व्हाइट'. एवढा पैसा आणि एवढे कलाकार हाताशी असताना नवी गोष्ट का सुचू नये? हाताने काढलेलं चित्र म्हणजे कच्चं काम आणि आता केलं ते पक्कं, असं पोरांच्या डोक्यात बसतंय. याचा मला फार राग येतो. पालकांना कसं समजावू?

नाइटशिफ्ट (महापे)

ताई, मी व्हीएफएक्समध्ये आहे, म्हणजे सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर बनवतो ते काम. पालकांना आधी हे सांगा की २०१९ चा 'खरा' नाहीच. सुरुवातीचा सूर्योदयाचा एक शॉट कॅमेऱ्याने घेतलाय, बाकी सगळा कॉम्प्युटरवर झालाय. म्हणजे तेही कार्टूनच.

कॉम्प्युटरला मात्र दोष देऊ नका. १९९४ च्या सिनेमातली रानगव्यांसारख्या त्या विल्डबीस्टची चेंगराचेंगरीही कॉम्प्युटरच्याच मदतीने केलेली. गडबड वेगळीच आहे. खऱ्या प्राण्याचा चेहरा जेवढा हलतो तेवढाच हलवायचा, असं एकदा ठरलं की ॲनिमेटरचे हात बांधलेच. मुफासाचा आवाज दोन्हीकडे जेम्स अर्ल जोन्सचा. आवाज तोच असून काटा येत नाही, म्हणजे कमी पडला तो चेहराच.

आणि का काढतात म्हणाल, तर नाव आधीच घराघरांत पोचलेलं असतं. या एका रीमेकने जगभरात १६० कोटी डॉलरच्या वर कमावले. मग कोण थांबतंय?

पाचपाखाडीचा काका

रेघोट्याताई, तळमळ पटली, पण सरसकट रीमेकवर रागावू नका. १९५९ चा 'बेन-हर' हासुद्धा रीमेकच. आधीचा १९२५ चा, मूकपट. त्यातल्या रथांच्या शर्यतीच्या वेळी जे अनेक सहायक राबत होते, त्यांतला एक विल्यम वायलर. पुढे १९५९ चा त्यानेच दिग्दर्शित केला आणि त्याला ११ ऑस्कर मिळाली. मधल्या काळात सिनेमाला आवाज आला होता, रंग आला होता, पडदा रुंद झाला होता. पुन्हा सांगायला कारण होतं. २०१६ साली परत काढला, तो साफ आपटला. मला तरी त्यात काढण्यासारखं कारण सापडलं नाही.

जुईनगर_लोकल

आपल्याकडे काय वेगळं आहे? 'सैराट' २०१६ चा, 'धडक' २०१८ चा. दोन वर्षं! करमाळ्याच्या मातीतली गोष्ट उचलून उदयपूरच्या तलावाकाठी नेली आणि आर्चीचा ठसकाच गेला. मी भावाशी यावरून अजून भांडते.

रेघोट्या (ऐरोली)

काका, वायलरची गोष्ट माहीत नव्हती. 'कारण हवं' हे मान्य. माझं भांडण बिनकारणवाल्यांशीच आहे.

नाइटशिफ्ट, तुमचा आवाजाचा मुद्दा वाचला आणि उलटं करायचं ठरवलं. काल रविवारी मुफासाच्या मृत्यूचा प्रसंग दोन्ही सिनेमांतला दाखवला, आवाज पूर्ण बंद करून. मुलांना सांगितलं, सिंबाला काय वाटतंय ते फक्त चेहरा बघून लिहा. नव्याच्या वेळी चौघांनी लिहिलं "दमलाय", एकाने "भूक लागलीय". जुन्याच्या वेळी कुणीच लिहीत नव्हतं, सगळे बघत बसले. तरी दोघांना नवाच आवडला, केस मऊ दिसतात म्हणून. असू दे, त्यांनी दोन्ही पाहिले ना.

मग संपूर्ण जुना लावला. स्कार आला तशी आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "टीचर, थांबवा." थांबवलं. आता चित्र थरथरत नाही, स्वच्छ उभं राहतं. तिने चार वेळा खोडलं, पाचव्यांदा भुवई जमली. बाकीची पोरं "पुढे लावा, पुढे लावा" ओरडत होती, पण मी तिचं होईपर्यंत रिमोट हातातच धरून ठेवला.