कलम ६३ च्या प्रमाणपत्रात कोणता हॅश द्यावा? एमडी५, एसएचए-१ की एसएचए-२५६?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात असतो, कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे. एका जागेच्या वादात आमच्या अशिलाच्या दुकानातलं सीसीटीव्ही फुटेज दाखल करायचंय. डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून, पेनड्राइव्हवर घेतलंय. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडायचं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा) लिहायची आणि तो काढायची पद्धत म्हणून एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ किंवा ‘इतर’ यावर खूण करायची.

साहेब म्हणतात, आजवर एमडी५ देत आलोय, तोच दे. ज्या तज्ज्ञाकडून भाग ‘ब’ भरून घेणार आहोत ते म्हणतात, एमडी५ आणि एसएचए-१ दोन्ही देऊ, म्हणजे दुप्पट पक्कं. मी वाचलंय की एमडी५ फुटलाय. फुटलाय म्हणजे नेमकं काय झालंय? आणि फुटलाय तर कायद्याच्या नमुन्यात कसा? साहेबांना पटेल असं कुणी समजावून सांगेल का?

तिसरामजला

नमुन्यात एमडी५ छापलाय, म्हणजे तो चालतो. तालुक्याच्या कोर्टात दुकानाच्या फुटेजसाठी कोण गणितं करत बसणार आहे? आणि माझ्या माहितीप्रमाणे एखाद्या फाइलचा एमडी५ दिला, तर त्याच हॅशची दुसरी फाइल आजही कुणाला बनवता येत नाही. उगाच घाबरवू नका पोराला.

सिंहगडरोड

कृष्णाकाठ, मी बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर काम करते, हॅश हा माझा रोजचा विषय आहे. उत्तर आधीच सांगते: एसएचए-२५६ द्या. आता कारण, कारण साहेबांना तेच सांगायचंय.

तिसरामजला म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. दुसऱ्याने बनवलेली एक फाइल समोर आहे आणि तिच्या एमडी५ शी जुळणारी वेगळी फाइल बनवायची, हे आजही व्यवहारात कुणाला जमत नाही. पण कोलिजन ही वेगळी गोष्ट. तिथे दोन्ही फाइली एकाच माणसाच्या हातात असतात. त्याला ठरावीक हॅश गाठायचा नसतो. दोघींचा हॅश एकमेकींशी जुळला की झालं, मग तो कुठलाही असो. हे खूपच सोपं काम आहे. २३ माणसं जमली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, पण ठरवून तुमच्याच तारखेचा माणूस शोधायला त्याहून कितीतरी जास्त लोक लागतात. त्याच हिशोबाने १२८ बिटांचा हॅश कितीही चांगला बनवला, तरी कोलिजनपुरता तो ६४ बिटांचाच. २ चा ६४ वा घात इतक्या प्रयत्नांत जोडी सापडते, आणि एवढी ताकद आज विकत मिळते.

एमडी५ ची तर रचनाच फुटली. रॉन रिव्हेस्ट यांनी तो १९९२ साली प्रसिद्ध केला, आणि २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी कोलिजन करून दाखवलं. आज साध्या लॅपटॉपवर ते काही सेकंदांत होतं. त्याहून घातक प्रकार म्हणजे आपल्याला हव्या त्या दोन वेगळ्या मजकुरांनंतर थोडा कचरा जोडून दोघांचा हॅश एक करणं. २००८ साली संशोधकांनी सुमारे २०० प्लेस्टेशन-३ जोडून याच पद्धतीने वेबसाइटना प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं बनावट प्रमाणपत्र बनवलं. २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या मालवेअरने एमडी५ च्या कोलिजनवरच मायक्रोसॉफ्टची सही वाटावी अशी सही मिळवली होती.

आता तुमच्या दाव्याकडे या. फुटेज कुणाच्या ताब्यात होतं? तुमच्या अशिलाच्या, म्हणजे दावा लढणाऱ्या पक्षाच्याच. समोरचे वकील सरळ विचारू शकतात: ‘फाइल तुमच्याकडे होती, दोन आवृत्त्या आधीच बनवून एकच एमडी५ येईल अशी सोय तुम्ही केली नाहीत कशावरून?’ एमपी४ सारख्या व्हिडिओ फाइलीत प्लेअर ज्याच्याकडे बघतच नाही असा भाग ठेवता येतो, कचरा तिथे लपतो. तुमचा अशील असं करणार नाही, पण ‘करता येत नाही’ हे उत्तर एमडी५ वापरून देता येणार नाही. एसएचए-२५६ वापरून देता येईल. पोलिसांनी पंचांसमोर जप्त करून तिथेच हॅश घेतलेल्या डिस्कबाबत हा धोका बराच कमी, कारण आतला मजकूर त्यांनी बनवलेला नसतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: ही फाइल बनवण्याची संधी कुणाला होती?

कायद्याबद्दल. नमुन्यात एमडी५ आहे, आणि तेवढ्यावरून तुमचं प्रमाणपत्र बाद होईल असं मी म्हणत नाही. पण आपलाच माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० घ्या. कलम ३ च्या स्पष्टीकरणात, डिजिटल सहीच्या संदर्भात, हॅश फंक्शन कशाला म्हणायचं ते लिहिलंय. हॅशवरून मूळ नोंद काढता येऊ नये ही एक अट. दुसरी अट, दोन इलेक्ट्रॉनिक नोंदींचा हॅश एकच येणं संगणकालाही न पेलणारं असावं. एमडी५ या दुसऱ्या अटीत बसत नाही, एसएचए-१ ही नाही. हे कलम साहेबांपुढे उघडून ठेवा. वकिलाला माझ्या गणितापेक्षा ते लवकर पटेल.

कृष्णाकाठ

ताई, खूप आभार. कलम ३ साहेबांना दाखवलं, त्यांनी स्वतः दोनदा वाचलं. पण तज्ज्ञ अडून बसलेत. म्हणतात, दोन हॅश एकदम फसवणं अशक्य. शिवाय एका मित्राने सुचवलं की ‘इतर’वर खूण करून ब्लेक-३ द्या, तो सगळ्यात नवा.

सिंहगडरोड

अशक्य नाही. २००४ मध्येच संशोधक आंत्वान झू यांनी दाखवलं की अशा रचनेचे दोन हॅश शेजारीशेजारी ठेवले तर कोलिजनविरुद्धची ताकद त्यातल्या मजबूत हॅशपेक्षा फारशी वाढत नाही. म्हणजे या जोडीची ताकद जेमतेम एसएचए-१ एवढी. आणि तो फेब्रुवारी २०१७ मध्ये पडला: ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या. त्यानंतर लगेच वेबकिट या ब्राउझर-इंजिनच्या कोड-भांडारात कुणीतरी चाचणीसाठी त्या दोन फाइली टाकल्या आणि भांडारच अडकलं, कारण ते भांडार सांभाळणारं सबव्हर्जन हे सॉफ्टवेअर दोन फाइलींचा एसएचए-१ एकच दिसला की फाइल तीच असं धरून चालत होतं. तिथे कुणी हल्ला केला नव्हता. २०२० मध्ये गाएटन लरां आणि तोमा पेरँ यांनी हव्या त्या दोन मजकुरांचं कोलिजनही करून दाखवलं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०३० च्या अखेरीपर्यंत एसएचए-१ पूर्ण बंद करायला सांगितलंय. तज्ज्ञांना एमडी५ हवाच असेल तर एसएचए-२५६ च्या सोबत लिहू द्या, त्याने बिघडत नाही.

ब्लेक-३ चांगला आहे, कामात मी तो वापरते. २०२० चा आहे, प्रचंड वेगवान आहे. एसएचए-३ ची रचना तर पूर्ण वेगळी, पाच वर्षांच्या खुल्या स्पर्धेतून २०१२ मध्ये निवडलेली, आणि उद्या एसएचए-२ च्या कुळात (एसएचए-२५६ त्यातलाच) काही निघालं तर तोच आधार. पण कोर्टात हॅश समोरच्या बाजूला, त्यांच्या मशीनवर, काहीही नवं न बसवता पडताळता आला पाहिजे. एसएचए-२५६ सगळीकडे आहे आणि नमुन्यात नावानिशी छापलाय. त्याचं कोलिजन शोधायला २ चा १२८ वा घात इतके प्रयत्न, म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. त्यात आकडेमोडीच्या ६४ फेऱ्या असतात, आणि संशोधकांना प्रत्यक्ष कोलिजन जमलंय ते फक्त ३१ फेऱ्यांच्या कापलेल्या रूपावर. वेगाची काळजीच करू नका. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचायलाच पावणेतीन तास लागतात, हॅश तिच्या मागेच बसून असतो.

तिसरामजला

पक्ष स्वतःच फाइल देतोय हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटलं. एक विचारतो, विंडोजवर कशाने काढायचा? फुकटची सॉफ्टवेअरं उतरवायला नकोत.

सिंहगडरोड

काहीच उतरवू नका. विंडोजमधल्याच पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा आहे, काही न सांगता एसएचए-२५६ च देतं. जुनं सर्टयूटिल वापरत असाल तर हॅशफाइल या पर्यायात फाइलच्या नावानंतर एसएचए२५६ टाकायलाच हवं. नाही टाकलं तर ते गुपचूप एसएचए-१ काढतं आणि प्रमाणपत्रावर खूण एकाची, आकडा दुसऱ्याचा असं होतं. मोजून बघा: एसएचए-२५६ ची ६४ अक्षरं असतात, एसएचए-१ ची ४०, एमडी५ ची ३२.

आणि कृष्णाकाठ, प्रत्येक क्लिपचा हॅश वेगळा लिहा. फाइलचं नाव बदललं तरी हॅश बदलत नाही, पण ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की दाबली जाते आणि हॅश बदलतो. तज्ज्ञांकडे पेनड्राइव्हच घेऊन जा.