बायझंटाईनवाल्यांनी व्हेनिसला जकात माफ का केली?

रंकाळाकट्टा: मंडळी एक शंका. 1082 मध्ये बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट अलेक्सियसनं इटलीतल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना 10 टक्के जकात पूर्ण माफ केली, वर राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) दुकानं न धक्के पण दिले. स्वतःचे व्यापारी मात्र भरतायत. असलं कोण करतं व्हय? का मीच चुकीचं समजतोय?

गुळाचा_रवा: नाईलाज होता भावा. दक्षिण इटलीतला नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार पश्चिमेकडनं चालून आलेला, ह्यांचं आरमार खिळखिळं, न व्हेनिसकडं गलबतं. तिजोरीत खडखडाट म्हणून पैशाऐवजी सवलत दिली. आमच्या आज्ज्याची गुळाची अडत होती, एका पावसाळ्यात माल उठंना, रवे पाघळायला लागले, तेव्हा गुजरातच्या एका मोठ्या खरेदीदाराला अडत सोडली. पुढच्या हंगामात गडी ती हक्कानं मागायला लागला न नाही म्हटलं की त्याची गाडी शेजारच्या दुकानापुढं उभी.

पंचगंगाघाट: बरोब्बर हेच झालं की. अलेक्सियसच्या पोरानं, जॉननं, सवलत चालू ठेवायला नकार दिला तर व्हेनिसवाल्यांनी बेटं लुटली, शेवटी 1126 ला गप गुमान परत दिली. शिवाय पिसा न जेनोआ ह्या इटलीतल्याच दुसऱ्या व्यापारी शहरांना 4 टक्क्यांवर आणून ह्यांच्या अंगावर सोडायचं राजकारण. आणि 12 मार्च 1171 ला जॉनच्या पोरानं, मॅन्युएलनं, साम्राज्यभरातले व्हेनिसवाले एकाच दिवशी धरले, माल जप्त. 1204 ला क्रुसेडवाल्यांबरोबर (धर्मयुद्धाला निघालेली युरोपची फौज) कॉन्स्टँटिनोपल घेऊन त्याचाच सूड घेतला त्यांनी.

गुळाचा_रवा: सूडाचं मला लई पटत नाही. क्रुसेडवाल्यांनी जहाजांसाठी व्हेनिसला 85,000 मार्क (चांदीचं माप) कबूल केलेले, माणसं कमी आली न पैसे भरंनात. त्यात एक परागंदा बायझंटाईन राजपुत्र म्हणाला मला गादीवर बसवा, 2 लाख मार्क देतो. उधारी वसूल करायला निघाले न शहरच लुटलं. राग असंल, पण गाडा उधारीनं ओढला.

रंकाळाकट्टा: नाद खुळा! म्हणजे व्हेनिस घालवलं असतं तर वाचले असते?

पंचगंगाघाट: घालवलं की, 1261 ला. जेनोआला जवळ केलं, त्यांनाही जकात माफ! 1204 ला गेलेलं शहर तर जेनोआचं आरमार यायच्या आधीच बायझंटाईनवाल्यांना परत मिळालं, तरी करार अंगावरच. 1348 च्या सुमाराला समोरच्या गलाटा ह्या त्यांच्या वस्तीत जेनोआवाले जकातीची वर्षाला 2 लाख नाणी कमवायचे न सम्राटाला 30 हजार. मधी फक्त एक खाडी.

रंकाळाकट्टा: बाप रे. रवा भाऊ, आज्ज्यानं त्या गुजरातवाल्याचं काय केलं मग?

गुळाचा_रवा: दुसरा खरेदीदार आणला. त्यानंपण पहिल्याच दिवशी विचारलं, त्याला किती सोडताय? आता तिथं मोबाईल शॉपी आहे.