इंग्रजीतलं गेट (get) म्हणजे नक्की काय? मिळणे की होणे?

मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. मी तिला गेट म्हणजे मिळणे असं सांगितलेलं पण काल धड्यात 'इट इज गेटिंग डार्क' आलं आणि ती विचारते, आई अंधार कसा मिळतो गं? मला सांगताच येईना. कोणी नीट समजावेल का?

उत्तर १: ताई, गेटच्या पुढचा शब्द बघायला शिकवा तिला. पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे, 'आय गॉट अ लेटर' म्हणजे पत्र मिळालं. विशेषण आलं की होणे, टायर्ड, अँग्री, डार्क सगळं तसंच, म्हणजे अंधार पडायला लागलाय. आणि टू लागून गावाचं नाव आलं की पोचणे, 'वी गॉट टू पुणे'.

उत्तर २: गेटचा अजून एक वापर, हा फार कामाचा आहे. 'आय कट माय हेअर' म्हटलं तर स्वतःच कात्री चालवली असं वाटतं, सलूनमधे जाऊन कापले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट'. आपण मराठीत केस कापून घेतले म्हणतो ना, अगदी तेच.

उत्तर ३: गेटचं तिसरं रूप म्हणून यूट्यूबवर अमेरिकन लोक 'हॅव गॉटन' म्हणतात ते चूक नाही, पण ब्रिटिश इंग्रजीत 'हॅव गॉट' चालतं, पेपरात तेच लिहायला सांगा.

खूप आभार सगळ्यांचे! आत्ताच तिला विचारलं, 'द टी इज गेटिंग कोल्ड'. पटकन म्हणाली, चहा गार होतोय :)