मदत हवी आहे: महाराणीची पिल्लं घ्यावीत का?

टिटवी
नमस्कार मंडळी, कोई, म्हणजे रंगीत जपानी कार्प मासे, पाळणाऱ्यांची मदत हवीये. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझं तळं १२ हजार लिटरचं, त्यात चार कोई. सगळ्यात मोठी महाराणी, कोहाकू म्हणजे पांढऱ्यावर लाल पट्टेवाली, ५५ सेंमी, माझ्याकडे येऊन पाच वर्षं झाली. ठिपक्या पण कोहाकूच, तिच्याबरोबर त्याच दिवशी त्याच टाकीतून आणलेला. काळू शोवा, म्हणजे काळ्यावर लाल-पांढरा. आणि चौथा चिखल्या, घेतला तेव्हा छान पिवळाधमक होता, आता गढूळ पाण्याच्या रंगाचा झालाय, पाहुणे आले की हा जरा खाली बसावा असं वाटतं आणि नेमका हाच हातातून खायला पहिला येतो.

मागच्या सीझनला एकदा पहाटे उठून बघते तर तळ्यात नुसता धुडगूस. पाणी कठड्याबाहेर उडतंय, एकामागे एक सुसाट पळतायत, वर साबणासारखा फेस आणि एक विचित्र वास. झाडांच्या मुळांना साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटली होती, दुपारपर्यंत यांनीच ती फस्त केली. तेव्हापासून डोक्यात आहे की या वर्षी नीट तयारी करून महाराणीची पिल्लं घ्यायची. पोट तर असं गच्च आहे की बघणारा कोणीही म्हणेल गाभोळी भरलीये. पाणी सध्या १७ डिग्रीला आहे. तर ती ब्रीडिंगला योग्य आहे का हे ठरवायचं कसं, आणि नर म्हणून ठिपक्या चालेल का?

पाणकावळा
वयाने बसतेय. मादी चार वर्षांच्या आसपास आणि नर तीनच्या आसपास असला की चांगलं, त्याआधी अंडी देतात पण मादीची वाढ खुंटते. पण तुम्ही ठिपक्या नर आहे हे कशावरून ठरवलंत? सडपातळ आहे म्हणून? सडपातळ मादी पण असते हो. सीझनमध्ये नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर बारीक पांढरे दाणे येतात, ओल्या बोटाने हलकेच फिरवून बघा, पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागेल. मादीचं गुळगुळीत असतं. पुष्कळ लोक ते दाणे बघून रोग झाला म्हणून औषध ओततात, तसलं काही करू नका.

निवांत_तळं
एक विचारू का ताई? मागच्या वर्षीच्या त्या धुडगुसानंतर महाराणीचं पोट उतरलं होतं का?

टिटवी
@निवांत_तळं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आत्ता मोबाईलमधले जुने फोटो काढून बघितले, आधी आणि नंतर सेमच दिसतंय. उलट थोडं जास्तच. याचा अर्थ काय?

निवांत_तळं
म्हणजे अंडी तिने घातली नसावीत. मादी साधारण किलोमागे लाखभर अंडी घालते, ५५ सेंमीची म्हणजे अडीच-तीन किलोची धरा, एवढा माल बाहेर पडल्यावर पोट सैल पडलेलं लगेच दिसतं. न घातलेली अंडी मासा बऱ्याचदा अंगात जिरवतो, त्यामुळे नुसतं अंडी घातली नाहीत म्हणून घाबरायचं नाही. पण वर्षभर पोट तसंच, शिवाय वाढतंय, हे मला पटत नाही. तिला बरोबर वरून बघा. गाभोळीचं पोट दोन्ही बाजूंनी सारखं फुगतं, मागच्या भागाकडे जास्त, आणि हाताला मऊ लागतं. एकाच बाजूला फुगवटा असेल किंवा टणक असेल तर अंडाशयात गाठ असू शकते, कोईंच्या माद्यांमध्ये ते दुर्मिळ नाही. आणि खवले पाइनच्या सुक्या फळासारखे उभे राहिलेत का तेही बघा, तो वेगळाच आणि जास्त वाईट प्रकार आहे.

आणि प्लीज पोट दाबून अंडी येतात का असं करून बघू नका. ते सवयीचे लोक करतात, माशाला भूल देऊन.

बुडबुडा
ठिपक्या-महाराणी एकाच टाकीतले एकाच जातीचे एकाच वयाचे म्हणजे सख्खे भाऊबहीण असण्याची शक्यता भरपूर. एका पिढीत आभाळ कोसळत नाही पण वाकडा कणा, आखूड कल्ले असली पिल्लं जास्त निघतात. बाहेरून नर आणायचा विचार असेल तर त्याला थेट तळ्यात सोडायचं नाही हां! कोई हर्पिस व्हायरस दिसायला ठणठणीत माशातही दडून असतो, वेगळ्या टाकीत २२-२४ डिग्रीला तीनचार आठवडे ठेवायचं, थंड पाण्यात तो रोग डोकंच वर काढत नाही त्यामुळे थंडीतलं क्वारंटाइन म्हणजे नुसतं समाधान.

टिटवी
आज सगळ्यांना तपासलं. जाळीने उचललं नाही, पाण्यातच मोठ्या टबमध्ये वळवून घेतलं, अर्धा टब पाणी माझ्या अंगावर.

ठिपक्या: खरखरीत. नर. काळू: कल्ल्यावर दाणे अगदी स्पष्ट, हाताला टोचतात. नर.

महाराणी: वरून बघितलं आणि पोटात धस्स झालं. डावी बाजू सरळ फुगलेली, उजवी तेवढी नाही. एवढे दिवस मी कठड्यावरून तिरकी बघत होते. खवले बसलेलेच आहेत, खाते-पिते व्यवस्थित, पण हाताला टणक लागतंय.

आणि चिखल्या... गुळगुळीत. पोट दोन्हीकडे सारखं गोल, मऊ. म्हणजे मागच्या वर्षीचा सगळा गोंधळ याने, सॉरी हिने घातला होता. पाच वर्षं मी हिला चिखल्या म्हणतेय.

पाणकावळा
हा हा, असं होतं. माझ्याकडे तीन वर्षं एक 'राजा' होता, त्याने पण अंडीच दिली.

महाराणी बाद, वाईट वाटून घेऊ नका. तिला माशांच्या डॉक्टरला दाखवा, सोनोग्राफीत गाठ दिसते. आणि नरांचा पाठलाग सुरू झाला की तिला बाजूला घ्या, ती अंडी देवो न देवो नर तिला भिंतीवर आपटणारच.

आता चिखलीबद्दल स्पष्ट बोलतो. तब्येतीने योग्य आहे, रंगाने नाही. भारीतल्या कोहाकू जोडीची सुद्धा बहुतेक पिल्लं टाकाऊ निघतात, या माशाचा रंग एका पिढीत पक्का होत नाही. इथे मोठ्या संख्येने करडी-तपकिरीच येणार, एखाददुसरं नशिबाने चांगलं. शोसाठी करायचं असेल तर सोडून द्या. मजा म्हणून असेल तर करा, पण लाखभर पिल्लांचं काय करणार ते आज ठरवा. नदी-तलावात सोडायची नाहीत, हा शेवटी कार्प आहे, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

टिटवी
@पाणकावळा रंगाचं कळलं. मला शो वगैरे काही करायचं नाहीये, खरं सांगायचं तर मला फक्त ते डोळे दिसणारं अंडं बघायचंय. मुळात महाराणीसाठी केलं होतं सगळं, पण आता ही दिसली तर हिचंच घ्यावं असं वाटतंय. थोडीशीच अंडी ठेवता येतात का?

निवांत_तळं
येतात की. दोनच स्पॉनिंग ब्रश, म्हणजे अंडी चिकटायला मिळतात ते ब्रश, टाका, पाणी १८-२० ला स्थिर झालं की संध्याकाळी. एक मादी दोन नर बरोबर आहे, म्हणजे ठिपक्या आणि काळू दोघंही ठेवा. बहुतेक पहाटेच उरकतं, आटोपलं की लगेच एकच ब्रश तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या टाकीत हलवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू, बाकी तळ्यात राहू द्या, त्यांचं काय होतं ते तुम्ही मागच्या वर्षी बघितलंयच. चारेक दिवसांत फुटतात. पांढरी पडलेली अंडी मेलेली, त्यावर बुरशी येऊन शेजारची पण जातात म्हणून थोडं मिथिलीन ब्लू. पिल्लं पहिले दोनतीन दिवस भिंतीला चिकटून असतात, तेव्हा काही खायला घालू नका, पोहायला लागली की आर्टेमिया, म्हणजे नुकते फुटलेले बारीक खाऱ्या पाण्यातले जीव. आणि तळ्याचं विसरू नका, त्या फेसाने अमोनिया चढतो, त्याच दिवशी थोडं पाणी बदला, नवीन पाण्यातलं क्लोरीन मारून.

टिटवी
ब्रश दोन आणलेत. महाराणीला डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय, तोवर ती जाळीच्या पलीकडे, तिकडून सगळं बघत बसलीये. पाणी आज सकाळी १८.५. चिखलीला चिखली म्हणून हाक मारली तर ढुंकून बघत नाही, चिखल्या म्हटलं की येते.